मत कुठे दिलं ते सांगा

आरोग्याच्या पैशाला कात्री लागते तेव्हा गळा काढणारे लोकप्रतिनिधी पुष्कळ असतात. कोणी सभागृहात भाषण ठोकतो, कोणी वर्तमानपत्रात लेख लिहितो, कोणी मंत्र्याला निवेदन देऊन फोटो काढून घेतो. या सगळ्यांना मतदाराने एकच विचारावं: मतदानाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२५ च्या जून-जुलैत या प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली. देणारे दोघेही रिपब्लिकन, म्हणजे दोघेही सत्ताधारी पक्षाचे. विधेयक ट्रम्प यांचं, करकपातीचं. करात सूट द्यायची तर पैसा कुठून तरी काढावा लागतो. तो मोठ्या प्रमाणात काढला मेडिकेडमधून, दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरहून अधिक. मेडिकेड ही १९६५ पासून चालत आलेली गरिबांची आणि अपंगांची आरोग्य योजना. केंद्र आणि राज्यं मिळून ती चालवतात. सुमारे सात कोटी माणसं तिच्यावर आहेत. अमेरिकेतल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारांचं बिल ती भरते. वृद्धाश्रमात खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक तिच्याच जिवावर आहेत. नव्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत आणखी एक कोटी लोक विम्याविना राहतील, असा अंदाज तिथल्या काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला. विरोधकांनी नव्हे.

पहिलं उत्तर मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली यांचं. मे महिन्यात त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. मेडिकेडला हात लावणं नीतीला धरून नाही आणि राजकारणाच्या दृष्टीनेही ती आत्महत्या आहे, असं त्यांनी त्यात ठणकावून सांगितलं. त्यांच्या राज्यातल्या मतदारांनी २०२० मध्ये थेट कौल देऊन मेडिकेडची व्याप्ती वाढवून घेतली होती, तेव्हा त्यांना असं बोलण्याचा पूर्ण अधिकार होता. पुढे विधेयकात ग्रामीण रुग्णालयांसाठी ५० अब्ज डॉलरचा निधी घातला गेला. १ जुलैला मतदान झालं आणि हॉलींनी बाजूने मत दिलं. पंधरवड्यात, त्या कपातीतला मोठा भाग मागे घेणारं विधेयकही त्यांनीच मांडलं.

त्या दिवशी मतं पडली ५० विरुद्ध ५०. उपाध्यक्ष व्हान्स यांनी आपलं मत टाकून विधेयक तारलं. सत्ताधारी बाकांवरून आणखी एकच मत विरोधात गेलं असतं तर ते पडलं असतं. हॉलींच्या हाती तेच एक मत होतं. मेमध्ये लेख लिहिणारा, जुलैच्या मध्यावर दुरुस्ती मांडणारा हा माणूस नेमका १ जुलैला कपातीच्या बाजूने उभा राहिला. मला यात कसलाही नाइलाज दिसत नाही. लोकांना लेख दिला आणि पक्षाला मत दिलं, एवढंच झालं.

दुसरं उत्तर नॉर्थ कॅरोलायनाचे टॉम टिलिस यांचं. त्यांनी आधी आकडे गोळा केले. आपल्या राज्याला या विधेयकाचा फटका किती बसेल याचे अंदाज वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवले. सगळं जमून आलं तरी राज्याचे २६ अब्ज डॉलर जातील, असं त्यातून निघालं. २८ जूनच्या रात्री विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही यावर मतदान होतं. टिलिसांनी विरोधात मत दिलं. ट्रम्प लगेच तुटून पडले; पुढच्या निवडणुकीत पक्षातूनच तुमच्यासमोर उमेदवार उभा करू, अशी धमकी दिली. दुसऱ्या दिवशी टिलिसांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी सभागृहात उभे राहिले. त्यांचा सवाल सरळ होता: दोन-तीन वर्षांनी पैसा आटेल आणि माझ्या राज्यातले ६ लाख ६३ हजार लोक मेडिकेडबाहेर फेकले जातील, तेव्हा मी त्यांना काय सांगू? १ जुलैला त्यांनी पुन्हा विरोधात मत दिलं.

जागा सोडायचीच होती, मग विरोध करायला काय जातंय, असं काही जण म्हणाले. तारखा पाहा. विरोधातलं मत आधी पडलं, धमकी नंतर आली, जागा त्याच्याही नंतर सोडली.

टिलिसांची आरती ओवाळायला मात्र मी बसलेले नाही. २०१३ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाच्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मेडिकेडची व्याप्ती वाढवायला नकार देणारा कायदा त्यांच्याच सभागृहाने केला. ती व्याप्ती राज्यात अखेर १ डिसेंबर २०२३ ला आली. मधली दहा वर्षं कोणी मधुमेह अंगावर काढला, कोणी छातीतली कळ दाबून कामावर गेलं, कोणाची गाठ उशिरा सापडली. त्या दहा वर्षांचा हिशेब टिलिसांच्या खात्यावर राहणारच. ज्या ६ लाख ६३ हजारांसाठी ते २०२५ मध्ये उभे राहिले, त्यांना ही योजना दहा वर्षं उशिरा मिळाली आणि त्या उशिराला तेही जबाबदार होते. तरीही २०२५ चं मत बरोबर होतं, आणि ते दिलं गेलं.

कपात करणाऱ्यांची एक रीत जवळून बघण्यासारखी आहे, कारण तिची लागण सगळीकडे होते. मेडिकेड काढून घेतो असं कोणी म्हणत नाही. काम करणाऱ्यालाच मिळेल, एवढंच म्हणतात. महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा पुरावा द्या, दर सहा महिन्यांनी पात्रता पुन्हा तपासून घ्या. ऐकायला रास्त वाटतं. हा प्रयोग २०१८ मध्ये आर्कान्सा राज्यात झालेला आहे. तिथे कामाचे तास सुरुवातीला फक्त संकेतस्थळावरच नोंदवता यायचे आणि ते संकेतस्थळ रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायचं. दिवसभर हॉटेलात भांडी घासणारी बाई रात्री दहाला घरी येऊन तास भरायला बसली तर समोर बंद पान. काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. नंतर अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा रोजगार वाढल्याचं कुठेही दिसलं नाही. ज्यांना ही अट लागू होती त्यांच्यातले बहुतेक आधीच काम करत होते किंवा नियमाने सूट मिळण्याच्या यादीत होते. ते आळशी नव्हते, त्यांचे कागद पुरे पडले नाहीत. शेवटी २०१९ मध्ये न्यायालयाने ती योजना थांबवली. आता तीच अट देशभर येते आहे, २०२७ च्या सुरुवातीपर्यंत. आधार जुळत नाही, अंगठा उमटत नाही, केवायसी बाकी आहे, म्हणून रेशनच्या रांगेतून माघारी आलेल्या माणसाला आर्कान्साची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे मात्र कपातीचं विधेयक येतच नाही. मतदानच होत नाही, त्यामुळे कोणाचं मत कुठे पडलं हे कळायला मार्ग नाही. आपली कपात बिनबोभाट होते. अर्थसंकल्पात रक्कम दाखवायची आणि निधी उशिरा सोडायचा. पदं मंजूर ठेवायची आणि भरायची नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्यावा. महाराष्ट्र, देशातलं सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. परिचारिकांच्या सुमारे ३५ टक्के जागा रिकाम्या असल्याचं त्यात नोंदलेलं आहे. तीन सिस्टर लागतात तिथे दोन आहेत, आणि रात्रपाळीला पुष्कळदा एकच. पन्नास खाटांच्या वॉर्डात एका सिस्टरने सलाइन कोणाचं बघायचं, इंजेक्शन कोणाला द्यायचं आणि नातेवाइकांचा आरडाओरडा कोणाचा ऐकायचा? हीच कपात. तिला विरोध करणारा टिलिस आपल्या विधानसभेत कुठे आहे?

नांदेड आठवा. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीला तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं. त्याआधी दीड महिन्यापूर्वी ठाण्यात, कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले होते. नांदेडच्या मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील ३ ऑक्टोबरला रुग्णालयात पोहोचले आणि त्यांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना घाण शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरे होतेच.

शौचालय घाण होतं, ते तसं असायला नको होतं, यात वाद नाही. पण सफाई कामगारांची पदं अधिष्ठाता मंजूर करत नाही. ती मुंबईत मंजूर होतात, त्यासाठी वित्त विभागाची संमती लागते. ज्यांच्या हाती झाडू दिला ते अधिष्ठाताही प्रभारीच होते. म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखाची खुर्चीसुद्धा कायमची भरलेली नव्हती. लोकप्रतिनिधीचा राग खरा असेल तर तो ती पदं जिथे अडकतात त्या टेबलावर आदळायला हवा होता. तिथे आपलंच सरकार बसलेलं होतं. म्हणून तो खालच्या माणसावर निघाला. बारा बाळं गेलेल्या रुग्णालयात एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर शौचालय धुवायला लावून एकाही वॉर्डात एकही सिस्टर वाढली नाही.

आणखी एक बोलायचं आहे, आणि ते मला या सगळ्यात जास्त खुपतं. सरकारी दवाखाना मोडका राहण्यात आपल्या पुढाऱ्यांचा फायदा आहे. सोमवारी सकाळी कोणत्याही आमदाराच्या कार्यालयात जाऊन बसा. निम्मी माणसं आजारपणाची असतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, रिपोर्टांची फाइल, खर्चाचं अंदाजपत्रक, रेशनकार्डाची झेरॉक्स. कोणाला मुख्यमंत्री सहायता निधीसाठी शिफारसपत्र हवं असतं, कोणाला धर्मादाय रुग्णालयात गरिबांच्या कोट्यातली खाट, कोणाला डॉक्टरला एक फोन. स्वीय सहायक पत्र टाइप करतो, साहेब सही करतात, जाताना बाई पाया पडते. त्या सहीने जीव वाचतात हे मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता फोन उचलून खाट मिळवून देणारे आमदार मला ठाऊक आहेत आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ असता, औषधं असती, सोनोग्राफीचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस दोन्ही असते, तर ती बाई तिथे आलीच नसती. हक्काचं होतं ते उपकार म्हणून घेताना तिला पाया पडावं लागलं. दवाखाना धड चालला तर साहेबांच्या सहीला कोण विचारतो? आमदार निधीतून घेतलेल्या रुग्णवाहिकेवर साहेबांचा फोटो लावता येतो. भरलेल्या पदावर फोटो लावता येत नाही.

आमदार म्हणतात, आम्ही पक्षादेशाने बांधलेले. अर्थसंकल्पावर विरोधात मत दिलं तर पक्षांतरबंदीने आमदारकी जाते. १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, खरं आहे. पण याच अनुसूचीच्या छायेत २०२२ मध्ये शिवसेनेचे चाळीसेक आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, २०२३ मध्ये राष्ट्रवादीतला मोठा गट सरकारात गेला. तेव्हा आमदारकी पणाला लागली होती आणि ती लावायला कोणी कचरलं नाही. सत्तेसाठी जी जोखीम घेता येते ती सिस्टरांच्या पदांसाठी का घेता येत नाही, याचं उत्तर मला कोणत्याही पक्षाच्या आमदाराकडून ऐकायचं आहे.

आणि विरोधात मत द्यायचंच नसेल तरी हात बांधलेले नाहीत. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, औचित्याचा मुद्दा आहे. पुरवणी मागण्या गोंधळात मंजूर होत असताना आरोग्याच्या मागणीवर दहा मिनिटं बोलण्याचा हट्ट धरता येतो. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, औषधांसाठी वर्षभरात किती पैसे आले, त्यातले किती मार्चअखेरीला आले आणि किती परत गेले, हे नाव घेऊन विचारता येतं. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते छापून निघतं. तुमच्या आमदाराने गेल्या अधिवेशनात आरोग्यावर काय विचारलं ते विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेलं असतं. काढून बघा. काही नसेल तर येत्या सोमवारी त्यांच्या कार्यालयात जा आणि तालुक्यातल्या रिकाम्या पदांची यादी त्यांच्या टेबलावर ठेवून या.