व्होल्टेजराव, तुमच्या जन्मगावी जाऊन आलो

श्री. रा. रा. व्होल्टेजराव,
मुक्काम पोस्ट (घरी असलात तर) अमरावती व अकोला,
यांसी सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, जर्मनीत भाचीकडे गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून तुमच्या जन्मगावी जाऊन आलो. तुम्ही म्हणाल, आपला जन्म तर पारसच्या औष्णिक केंद्रातला. तो आत्ताचा अवतार झाला. तीन फेजच्या रूपात तुम्ही दूरच्या प्रवासाला पहिल्यांदा निघालात ते नेकार नदीकाठच्या लाउफेन गावाहून, ऑगस्ट १८९१ मध्ये. तिथल्या सिमेंट कारखान्यापाशी पाण्यावर फिरणाऱ्या यंत्रात तुम्ही तयार झालात, तारेवरून १७५ किलोमीटर जाऊन फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचलात, तिथे हजारभर दिवे लावलेत आणि पंप चालवून एक कृत्रिम धबधबाही पाडून दाखवलात. वाटेतली गळती वजा जाता तीन चतुर्थांश शाबूत होतात. तेव्हा संगणक नव्हते आणि तक्रारीसाठी टोल फ्री नंबरही नव्हता.

पारसहून अकोला तीसेक किलोमीटर. ग्रिडचं शास्त्र मला कळतं. पारसची वीज थेट अकोल्याच्या बोर्डात येत नाही, आधी ग्रिडमध्ये जाते, हे ठाऊक आहे. तरी मनात येतंच, की सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी १७५ किलोमीटर धडधाकट गेलेल्या माणसाला आमच्या गल्लीतल्या डीपीपासून माझ्या गच्चीपर्यंतच नेमकी भोवळ का यावी?

तुमची आणि माझी ओळख जुनी, पण वैर सुरू झालं ते माझ्या छंदापायी. मला लहानसहान यंत्रं जोडायचा नाद आहे. पुस्तकात डोकं घालावं तसं मी सर्किटात घालतो आणि घरचे म्हणतात, नोकरीत एवढं लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं. एक तापमापक यंत्र अमरावतीत माझ्या गच्चीवर आणि एक अकोल्यात डाबकी रोडला मावसभावाच्या गच्चीवर, असा माझा प्रकल्प होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवलेला नोडएमसीयू बोर्ड, डीएचटी-२२ सेन्सर, मोबाईलचा जुना चार्जर. एका वादाचा निकाल लावायचा होता: जास्त तापतं कोण, अमरावती की अकोला? मावसभावाचं मत ठरलेलं. "पंचेचाळीसच्या खाली आमच्या इकडे कोनी दुपट्टाबी नाई बांधत, भाऊ." अकोलेकरांना उन्हाचा जेवढा अभिमान तेवढा पुणेकरांना पुण्याचाही नसेल.

निकाल लागला नाही. कारण तुम्ही.

माझ्या नोंदींप्रमाणे मे महिन्यात अकोल्यात दुपार नावाची वेळच नसते. सकाळी आलेख चाळिशीकडे चढत जातो, मग एकदम कोरी जागा, मग थेट संध्याकाळ. आधी मला वाटलं सेन्सर खराब. मग लक्षात आलं, की ऊन चढलं की घरोघरचे कुलर सुरू होतात, वरच्या मजल्यांवरचे एसी सुरू होतात, डीपीवर भार पडतो आणि तुम्ही अंग टाकता. म्हणजे ज्या तासांसाठी यंत्र बसवलं, नेमके तेच तास गायब. आंधळेपणाने गेला असतात तर एखादा आकडा तरी वाचला असता. तुम्ही निवडून, वेचून, ऐन उन्हाचे आकडे खाता. २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी अकोला जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं. माणसांनी जमू नये म्हणून असायचं ते. तुम्हांला लागू नव्हतं, तरी सगळ्यांत काटेकोर पाळलंत तुम्हीच. एकटेसुद्धा फिरकला नाहीत.

हवामान खात्याच्या नोंदीत मात्र अशी भोकं पडायचं कारण नाही. त्यांचा जुना कमाल तापमापक पाऱ्याचा. नळीत एक चिमटलेली जागा असते; पारा चढतो, पण माणसाने झटकल्याशिवाय उतरत नाही. त्याला तुमची गरजच नाही. पिढ्यान् पिढ्या तुमच्यावाचून चाललं आहे त्याचं, म्हणून तर चाललं आहे.

न्यूट्रलची रात्र आठवते ना? पावसाळ्याच्या तोंडावर वारं सुटलं आणि आमच्या गल्लीत न्यूट्रलची तार तुटली. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक घराला एक फेज आणि एक न्यूट्रल येतो आणि दोहोंत तुम्ही २३० असता. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले ४०० ती आपापसांत वाटून घेतात. ज्याच्याकडे भार जास्त त्याच्या वाट्याला कमी येतात, ज्याच्याकडे एखादा दिवा आणि एक गरीब बिचारं नोडएमसीयू चालू, त्याच्या वाट्याला जास्त. काटकसरीची शिक्षा म्हणतात ती हीच. त्या रात्री समोरच्यांचा टीव्ही गेला, कोपऱ्यावरच्यांचा फ्रिज गेला, माझा चार्जर फुटला आणि मागोमाग बोर्ड. सकाळी गल्लीत जो तो जळका वास हुंगत फिरत होता आणि "काहो, तुमचं काय काय गेलं?" असं विचारत होता. मयताला गेल्यासारखं वाटत होतं.

त्या फुटक्या चार्जरवर काय छापलं होतं सांगू? '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ'. बनवणाऱ्याने सगळ्या जगाचा विचार केला होता. जपानात शंभर व्होल्ट असतात. टोकियोने पूर्वी जर्मन यंत्रं आणली म्हणून तिकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाने अमेरिकन आणली म्हणून त्यांच्याकडे ६०, आणि हा दुभंग अजून मिटलेला नाही. त्याची सोय चार्जरमध्ये आहे. अमेरिकेची आहे, युरोपची आहे. फक्त आमच्या गल्लीची नाही.

बाकी खरं ते बोलतो, तुम्ही १४० वर घसरता तेव्हा माझं यंत्र चालू असतं; जपानसाठी बनलंय ना ते. कुलरची मोटर तेवढी नुसती कण्हत बसते आणि म्हातारी माणसं ओला पंचा अंगावर घेऊन तुमचं नाव काढतात. कोणत्या शब्दांत, ते इथे छापता येणार नाही.

आता जर्मनीचं ऐका. भाची श्टुटगार्टला असते. तिथे २०१५ साली ओके लॅब नावाच्या हौशी मंडळींनी एक उद्योग काढला. शहराची हवा धुळीने खराब, नेकारटोरचा चौक तर त्यासाठी बदनाम. मग सरकारी केंद्राच्या आकड्यांची वाट पाहण्यापेक्षा आपणच मोजू, असं ठरलं. नोडएमसीयू, एसडीएस-०११ हा धुळीचा सेन्सर आणि आपल्याकडे सांडपाण्याला लावतात तसे प्लास्टिक पाइपचे दोन एल्बो. एल्बो एकमेकांत घालायचे, आत सेन्सर, तोंड खाली, की पाऊस लागत नाही. झालं यंत्र. दर अडीच मिनिटांनी आकडा नकाशावर. आज हे काम सेन्सर.कम्युनिटी या नावाने डझनावारी देशांत चालतं. त्यातलं एकूण एक सामान माझ्याकडे अमरावतीत होतं. एल्बो तर इतवारा बाजारात मिळतात.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्या बाल्कनीत असं एक यंत्र लटकलेलं. बसवल्यापासून त्यांनी हात लावला नव्हता. मी विचारलं, बॅकअपला काय ठेवलंय? त्यांना प्रश्नच कळेना. भाचीने भाषांतर केलं, तरी कळेना. शेवटी ती मला म्हणाली, "मामा, इकडे लाइन जात नाही." जर्मनीत सरासरी घराची वीज सबंध वर्षात मिळून बारा मिनिटांच्या आसपास जाते. वर्षात! आमच्याकडे एवढ्या वेळात नुसतं शेजाऱ्याकडे गेली की नाही हे पाहून होतं. शेजाऱ्याकडेही गेली असेल तर जिवाला बरं वाटतं, हे वेगळं.

आणि त्यांचा आकडा काय? २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तुमचाच. नाव तेच, कुळी तीच. त्या भिंतीतल्या बोर्डात मल्टीमीटर घालून मी तुमच्याकडे बराच वेळ टक लावून पाहत होतो आणि भाचीचा नवरा माझ्याकडे.

त्यांच्याकडे तुम्ही एकदा चुकलात म्हणे. २०१८ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत कोसोवो आणि सर्बिया यांच्या तंट्यात ग्रिडला वीज कमी पडली आणि युरोपच्या मोठ्या भागात तुमची वारंवारिता ५० च्या किंचित खाली राहिली, एवढी किंचित की दिव्याला कळली नसती. पण ओव्हनवरची, रेडिओवरची जी घड्याळं तुमच्या लाटा मोजून चालतात, ती सहा मिनिटांपर्यंत मागे पडली. त्याची बातमी जगभर झाली. सहा मिनिटं, व्होल्टेजराव. आमच्या मायक्रोवेव्हवर तो आणल्यापासून १२:०० लुकलुकतंय.

तुम्हांला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही गेलं, बासष्ट कोटी लोकांची वीज गेली. पश्चिमेचं ग्रिड टिकलं. दिल्लीची मेट्रो थांबली होती आणि तुम्ही आमच्या बाजूला उभे होतात. मोठ्या प्रसंगी तुम्ही शूर असता. रोज संध्याकाळी सात वाजता मात्र शुंभ.

सहआरोपींची नावंही घ्यायला हवीत, नाहीतर पक्षपात होईल. वरूड, मोर्शी, अचलपूरकडे उन्हाळ्यात संत्र्याला पाणी द्यावं लागतं. लाइन केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी मोटारीला ऑटो स्विच लावतो. लाइन आली की एकाच क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तुम्ही कोसळता, कमी व्होल्टेजवर मोटारी आणखी करंट ओढतात आणि डीपी जळते. मग नवी डीपी येईपर्यंत बाग वाळते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं सांगणारे सांगून थकले. पण एकट्याने काढला तर त्याच्या विहिरीचं पाणी विहिरीतच आणि बाकीच्यांची ओलित चालू, कोण काढेल? मी बागवाल्याला दोष देत नाही. त्याला अर्ध्या रात्री उठवून शेतात पाठवणारे तुम्हीच. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालवायचं 'नॅनो गणेश' काढलं ते याच पायपिटीपायी. दुसरीकडे माणसं छंद म्हणून सर्किट जोडतात, आमच्याकडे झोप मिळावी म्हणून.

माझीच गत पाहा. माझ्या त्या यंत्राला आता एक लिथियम सेल, तो चार्ज करायचं कार्ड, सर्ज रोखणारा बोर्ड, वर एक स्टॅबिलायझर आणि घरभराला इन्व्हर्टर असा लवाजमा आहे. तापमान मोजण्याचा खर्च एक भाग, तुमच्यापासून वाचण्याचा सहा भाग. श्टुटगार्टचे गृहस्थ धुळीवरून वाहतुकीवर आणि वाहतुकीवरून नगरपालिकेवर गेले. मी अजून प्लगपाशी आहे. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर पिवळी वीज दाखवतो. तिकडच्या मंचावर लोक विचारतात, ही कसली खूण? वऱ्हाडातल्या पोरांना ती अक्षरओळखीच्या आधी येते.

मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जायची ती आमची शकुंतला रेल्वे विसरलात का? तिचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरचं. ते १९९४ पर्यंत कोळसा आणि पाण्यावर धावलं. त्याला तुमच्यावर विसंबायचं नव्हतं, एवढंच त्याचं भाग्य.

तर मागणं फार मोठं नाही. युरोपचं मानक तुम्हांला २३० च्या दहा टक्के खाली-वर जायची मुभा देतं, आम्हीही तेवढीच देऊ. म्हणजे २०७ ते २५३. लांबलचक अंगण आहे, त्यात हवे तितके हिंडा. जमत नसेल तर सरळ सांगून बंद राहा, आम्ही पाटावर पंखा घेऊन बसू. पण १४० च्या अंगाने येऊन २३० चं बिल लावू नका आणि रात्री न्यूट्रल तोडून ४०० च्या अंगात शिरू नका.

आपला,
एक ग्राहक, अमरावती

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या अकोला-अमरावतीच्या हौशी मंडळींसाठी: तापमान मोजायचं यंत्र करायच्या आधी व्होल्टेज मोजायचं करा, आणि त्याला स्वतःची बॅटरी द्या, म्हणजे साहेब गैरहजर असतानाही हजेरी लागेल. दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात, या तीन वेळांचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी साधा मल्टीमीटर घ्यावा, बोर्डात हात घालताना पायात रबरी चप्पल असावी. मे संपल्यावर सगळ्यांच्या वह्या एकत्र करू आणि गल्लीच्या नावासकट तक्रारीला जोडू.