सावकाश, पुढे शर्यत आहे

कोइंबतूरहून लोक पाण्याचे पंप आणतात, इडलीचे ग्राइंडर आणतात. मी पन्नाशी उलटल्यावर तिथे फॉर्म्युला गाडी चालवायला शिकायला गेलो, याचं पटण्यासारखं कारण आमच्या सोसायटीला अजून सापडलेलं नाही.

गाव मात्र मी चुकीचं निवडलं नव्हतं. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, इथलाच. आणि मारुती ८०० चं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ घडवणारे एस. करिवर्धनही इथलेच, इथल्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. ज्या ७९६ सीसीने आमचं अख्खं कुटुंब, होल्डॉल आणि ओकारीच्या पिशव्यांसकट महाबळेश्वरला चढवलं, त्याच्यात शर्यतीची रग होती हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

माझ्या वाट्याच्या गाडीला दार नव्हतं, छप्पर नव्हतं, हॉर्न नव्हता. आधी सीटवर उभं राहायचं, मग पाय पुढे सोडत आत घसरायचं. पोट सर्वांत शेवटी येतं. सहा पट्टे आवळतात; त्यातले दोन कुठून येतात हे कौटुंबिक अंकात लिहिता येणार नाही.

मला वाटलं होतं, इथे वेग शिकवतील. शिकवला ब्रेक. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच जोरात दाबायचा. मग वळायचं, आतल्या कडेला चाटून जायचं आणि बाहेरचा रस्ता दिसला की हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर. टायरची पकड पगारासारखी असते: सगळी ब्रेकमध्ये उडवली की वळणाला काही उरत नाही. हे मध्यमवर्गीय मनाला ताबडतोब पटलं. मी तर वळणानंतरही शिल्लक ठेवू लागलो.

चाकं उघडी, त्यामुळे धक्काबुक्की नाही. पुढच्याच्या फिरत्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक टेकलं, तर ते त्यावर चढतं आणि गाडी हवेत जाते. लक्ष्मी रोडवर आरसे मिटून वाट काढणाऱ्या माणसाला इथे आपली सगळी विद्या गुंडाळून ठेवावी लागते.

मग एका वळणावर मार्शलने निळा झेंडा हलवला. अर्थ: मागून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. माझी लायकी इतक्या सभ्यपणे, एक शब्दही न बोलता, आजवर कुणी काढली नव्हती. गेला तो शाळकरी पोरगा. त्याची आई कठड्यापाशी डबा घेऊन उभी होती.

संध्याकाळी वेळांचा कागद लागला. पोरगा सर्वांत वर. मला शोधायला फार वाचावं लागत नव्हतं, तळापासून सुरुवात केली की झालं. माझ्या नावापुढे प्रशिक्षकाने शेरा लिहिला होता: ‘ब्रेकिंग उत्तम’. पोराच्या आईने तो बोट ठेवून वाचला आणि त्याला तमिळमध्ये बरंच काही सुनावलं. मला तमिळ येत नाही. पण त्यात ‘अंकल’ दोनदा आलं, आणि पोराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून बाकीचं समजलं.