खात्यापित्या घरचा आकडा

मराठीत सहसा कुणी लठ्ठ होत नाही. लहानपणी बाळसं धरतं, लग्नानंतर अंग भरतं, नोकरीत कायम झालं की 'तब्येत सुधारते'. पोट तर नुसतं सुटतं. जणू इतके दिवस कुणी दावणीला बांधून ठेवलं होतं. अशा सांभाळून घेणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला डॉक्टरांनी 'बीएमआय २४.८' असं गोल करून दाखवलं, तर त्यानं काय समजावं?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. माझं वजन ७०, उंची १.६८. मूळ गणित १८३०च्या दशकातलं, बेल्जियमच्या केटले यांचं. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ. आकाशातले गोल मोजता मोजता ते आमच्यापर्यंत आले असावेत. त्यांना 'सरासरी माणूस' हवा होता, लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हतं. बीएमआय हे नाव पडलं १९७२ साली, अमेरिकेत.

"पण २५पर्यंत चालतं ना?" मी घासाघीस केली.

"ते गोऱ्यांना. आपल्याला २३."

याचा पुरावा पुण्याचाच निघाला. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपले हातपाय काटकुळे राहतात आणि चरबी आत पोटात बिऱ्हाड करते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या चौघींमागे एक बाई २५च्या पुढे होती, पुरुष किंचितच मागे. तेही गोऱ्यांच्या मापानं.

डॉक्टर म्हणाले, कंबर मोजा, ९० सेंटिमीटरच्या आत हवी. हिनं शिवणाच्या डब्यातली टेप आणली. मी सरळ उभा राहिलो.

"अहो, श्वास सोडा आता."

सोडला. ९६.

त्याच आठवड्यात पँट शिवायला टाकली. आमच्या शिंप्यानं टेप फिरवली, वहीतलं दिवाळीचं माप बघितलं, ते खोडून शेजारी नवं लिहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कानामागे पेन्सिल खोचत म्हणाला, "काळजी नको काका, आत दोन इंच माया ठेवतो."