सोमशास्त्री

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य ज्या गृहस्थाच्या तोंडी दिवसातून दोनदा येतं, तो सोमशास्त्री समजावा. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. वय पंचावन्नच्या पुढे, मुलं मार्गी लागलेली, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं आणि डॉक्टरांनी दिलेल्या पथ्याच्या यादीत वाइनचं नाव घालायचं राहून गेलेलं.

आमचे सोमशास्त्री तिसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरीत असताना चहासुद्धा बेताचा. मग ते नारायण नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला गेले. विधी यथासांग पार पडला आणि परतताना जावयाने गाडी गंगापूर धरणाच्या बाजूला वळवली. तिथे द्राक्षमळा, ओळीने मांडलेले ग्लास, प्रत्येकात बोटबोटभर वाइन आणि समोर समजावून सांगणारा एक पोरगेला तरुण. पितर मुक्त झाले, शास्त्री अडकले.

तेव्हापासून त्यांच्या हातात कुठलंही पातळ द्रव्य स्थिर राहत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी आली की आधी ती गोल गोल फिरते, मग नाकाशी जाते. वाइन असेल तर पुढचा विधी आणखी मोठा. ग्लासाचा दांडा दोन बोटांत धरायचा, मागे पांढरा कागद धरून रंग बघायचा, मग घोट तोंडात घेऊन वरून हवा ओढायची. हवेबरोबर वास नाकाकडे चढतो, हे खरंच आहे. जाणकार लोक असंच करतात. पण बशीतला चहा फुरकला म्हणून याच गृहस्थांनी नातवाच्या पाठीत धपाटा घातलेला मी पाहिला आहे, आणि तो नातूही हा सुर्रर्र आवाज कान देऊन ऐकत असतो.

ग्लासाच्या कडेने थेंब ओघळले की शास्त्री म्हणतात, ‘पाय बघा, पाय!’ त्यांच्या सासूबाईंनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्या घाईघाईने पदर सावरून पाहुणे शोधू लागल्या. हे ‘पाय’ म्हणजे अल्कोहोल भरभर उडून जाताना काचेवर होणारी ओघळ. वाइन चांगली की वाईट हे काही त्यावरून कळत नाही. पण ते सांगून कोणाचा मूड घालवा?

खरी गंमत वासांची. त्यांना वाइनमध्ये ब्लॅककरंट लागतं, जे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. देवदाराचं लाकूड, तंबाखू, जुनं चामडं, सगळं लागतं. न्यूझीलंडच्या मार्लबरोमधल्या सोव्हिन्यों ब्लाँला कधी कधी मांजराच्या मुताचा वास येतो आणि जाणकारांना त्याचं काही वाटत नाही, हे त्यांनी आम्हांला भजी खाताना सांगितलं. जर्मनीतल्या मोझेलच्या जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो म्हणे, आणि शौकीन त्यासाठी जादा पैसे मोजतात. आमच्या पिढीची जवानी रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा धरून गेली. तेव्हा आम्हांला कोणी शौकीन म्हटलं नाही. एकदाच शास्त्री पोथी सोडून बोलले. नाशिकच्या शिराझचा घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाले, ‘कात जास्त झालाय.’ सालीबियांतून येणारं टॅनिन इतक्या नेमकेपणाने मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. लगेच दचकून ते ‘फर्म टॅनिन्स’वर गेले, हा भाग वेगळा.

प्रदेश म्हणाल तर फ्रान्स त्यांना तळपाठ. बोर्दोत नदीच्या डाव्या काठावर काबर्ने सोव्हिन्योंचं राज्य, उजव्या काठावर मर्लोचं. तिथल्या वाइनची 1855 साली जी प्रतवारी ठरली ती अजून चालू आहे. 1973 मध्ये मुतों रोथशिल्डला पहिल्या वर्गात बढती मिळाली, तीही केवढ्या खटपटीनंतर! नोकरशाहीतल्या बढत्यांचं दुःख जाणणाऱ्या शास्त्र्यांचा आवाज इथे भरून येतो. मेहुणा गोव्याहून गोड पोर्ट आणून त्यात बर्फ टाकतो, तेव्हा मात्र ते डोळे मिटून घेतात. अस्सल पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरू खोऱ्यातली. त्या खोऱ्याच्या हद्दी 1756 पासून आखून दिलेल्या. आंबणं अर्ध्यावर असताना ब्रँडी ओतून थांबवतात, म्हणून गोडी शिल्लक राहते. मेहुणा ऐकून घेतो आणि आणखी एक खडा बर्फ टाकतो.

त्यांचा सगळ्यांत आवडता अध्याय पॅरिसचा. 1976 साली स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षक बसवले, बाटल्या झाकल्या आणि चवी घ्यायला लावल्या. लालमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली, पांढऱ्यात कॅलिफोर्नियाचीच शातो माँतेलेना. ‘उद्या दिंडोरीसुद्धा!’ असं म्हणून शास्त्री ग्लास उंच धरतात. तिकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून थकलेला त्यांचा निफाडचा चुलतभाऊ थॉमसनच्या भावाची चिंता करत असतो. वाइनची द्राक्षं बघून तो एवढंच म्हणाला होता, ‘बारकी, जाड सालीची, वर बिया. बाजारात कोण घेणार?’ अख्ख्या घराण्यात द्राक्षातलं कळणारा तो एकटा. पण त्याला ग्लास धरता येत नाही.

मीही एकदा खोडी काढली. 2001 साली छापून आलेला बोर्दोतलाच प्रयोग सांगितला: पांढऱ्या वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शास्त्री शांतपणे म्हणाले, ‘विद्यार्थीच ते.’

त्यांना हरवलं ते घरातल्याच माणसाने. जावयाने परदेशातून बोर्दो आणली होती. आम्ही सात-आठजण जमलेलो, चकल्या होत्या, टूथपिकला टोचलेले चीजचे तुकडे होते. शास्त्र्यांनी ग्लास हुंगला आणि डोळे मिटून सुरुवात केली, ‘जंगलातली जमीन... पाऊस पडून गेलाय... भिजलेली पानं...’ तेवढ्यात भज्यांचं ताट घेऊन आलेल्या वहिनी थबकल्या. ‘अहो, माळ्यावरचे खोके भिजले होते ना, त्या पुठ्ठ्याचा वास येतोय.’ वहिनी थेंब घेत नाहीत. पण दूध नासणार हे त्यांना आदल्या रात्री कळतं.

शास्त्र्यांनी पुन्हा हुंगलं. चेहरा पडला. बुचाच्या सालीत बुरशीमुळे टीसीए नावाचं एक द्रव्य तयार होतं, ते वाइनला लागलं की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि फळाचा वास मारला जातो. अपाय काही नाही, पण वाइन गेली. हॉटेलात वेटर आधी घोटभर ओततो तो हेच तपासायला, आवडली का विचारायला नव्हे. ‘बाटली बाद,’ शास्त्री म्हणाले आणि जावयासमोर ती मोरीत ओतली. माझा त्यांच्याविषयीचा आदर त्या दिवशी वाढला. आता नवी बाटली उघडली की पहिला ग्लास वहिनींच्या नाकाखाली जातो. त्यांनी ‘हं’ म्हटल्यावरच बोर्दोचा अध्याय सुरू होतो.

व्हिस्कीवाल्या काकांपेक्षा हा इसम केव्हाही बरा. रात्री अकराला जुनी भांडणं उकरत नाही, जिन्यात गात नाही, कारण बोलण्याच्या नादात त्याच्या पोटात फारसं काही जातच नाही. तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या सोमशास्त्र्यांचं बोलावणं आलं तर जरूर जा. फक्त घरून जेवून निघा. पहिला घोट हाती पडेपर्यंत पाऊण तास सहज जातो, आणि चीजचे तुकडे माणशी दोनच असतात.