लॅमिंग्टन रोडवर राखाडी साडी

डोंबिवलीचा माणूस दोनच कारणांसाठी गाव सोडतो: नोकरी आणि सवलत. गेल्या नवरात्रात यातलं दुसरं कारण थेट दिल्लीहून आलं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. त्या दिवशी घटस्थापना होती. पितृपक्षात खरेदी करायची नाही, हा माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा हट्ट. कर उतरल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, हा माझा. सर्वपित्री अमावास्या उलटली आणि दोघांचेही हट्ट एकाच रात्रीत निकाली निघाले. धर्मशास्त्र आणि अर्थखातं यांचं एकमत आमच्या घराने पहिल्यांदाच पाहिलं.

घरातलं एकमत मात्र तिथेच संपलं. माझा मेहुणा विनू हा प्रीमियम पक्षाचा. "भाऊजी, टीव्ही दहा वर्षांतून एकदा घेतो आपण. घ्यायचा तर ओलेडच." अण्णा बजेट पक्षाचे संस्थापक. "बातम्या तितक्याच वाईट दिसणार. मग तीस हजारांत का पाहू नयेत?" बायको अपक्ष, म्हणजे सरकार बनवणार तीच. मी अर्थमंत्री, मला मत नसतं, फक्त कार्ड असतं.

तयारी अण्णांनी हाती घेतली. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. ५५ इंची टीव्ही प्रत्यक्षात जेमतेम ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. "सात इंच इथंच खाल्ले की!" म्हणत त्यांनी रद्दीतली वर्तमानपत्रं जोडून ४८ बाय २७चा कागद केला आणि हॉलच्या भिंतीवर चिकटवला. कल्पना झकास होती. फक्त श्रद्धांजलीचं पान नेमकं मधोमध आलं. आठवडाभर येणारा प्रत्येक पाहुणा सोफ्यावर बसला की आधी गंभीर व्हायचा आणि मग हळूच विचारायचा, "कोण गेलं?" सोफ्यापासून भिंत सात फूट. एवढ्या अंतराला ५५ इंच चालतो, असं विनूचं म्हणणं. पण मग कपाटाचं दार उघडणार नाही, असं कागदाचं म्हणणं. कागद जिंकला आणि आम्ही ५० इंचांवर आलो.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला प्रस्थान शनिवारी ठेवलं, कारण रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद आणि आमच्या नशिबी मेगाब्लॉक. नवरात्रातल्या शनिवारचा रंग राखाडी. बायको राखाडी साडी नेसून निघाली आणि डोंबिवलीच्या फलाटावर तिला शोधणं अशक्य झालं, कारण लेडीज डब्याच्या जागेवर उभा असलेला अख्खा जमाव त्याच रंगात होता.

आम्ही पुरुष जनरलमध्ये शिरलो, म्हणजे शिरवले गेलो. फास्ट लोकलच्या डब्यात टीव्हीचा विषय हळू आवाजात काढता येत नाही. विनूने 'ओलेड' म्हणताच पलीकडून प्रश्न आला, "किती इंची?" तिसऱ्याने भिंतीची लांबी विचारली. चौथ्याने त्याच्या साडूच्या टीव्हीची सगळी हकिकत सांगितली. दारात लटकलेले एक गृहस्थ मात्र मान वळवून ठामपणे म्हणाले, "ओलेड घेऊ नका." अण्णांचा चेहरा उजळला. "का हो?" गृहस्थ उत्तर देणार एवढ्यात ठाणं आलं आणि ते मागच्या गर्दीसकट फलाटावर गेले. दादरपर्यंत अण्णा त्या 'का'वर आणि विनू त्या गृहस्थावर चडफडत राहिले.

दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी धरली, कारण ग्रँट रोडला प्रत्येक फास्ट थांबत नाही. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल. प्रत्येक स्टेशनावर थांबत जाणाऱ्या गाडीत मध्य रेल्वेच्या माणसाला परदेशात आल्यासारखं वाटतं. बसायला जागा मिळते आणि कुणी मांडीवर बॅग ठेवत नाही.

ग्रँट रोडच्या पूर्वेला उतरलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पाटी वाचतो तो नवखा, असं समजून विक्रेते त्याच्याकडेच धावतात. अण्णांनी पाटी वाचली. "सीसीटीव्ही, सर? राउटर? प्रिंटरची शाई?" फूटपाथवर वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, हातगाडीवर खोक्यांचे मनोरे आणि त्यांतून वाट काढणारा चहावाला. अण्णांना मात्र वेगळंच काही आठवत होतं. "इथे मिनर्व्हा होतं," ते म्हणाले. १५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' लागला, पाच वर्षं हलला नाही. सत्तर एमएमचा पडदा. गब्बर भिंतीएवढा. आता मिनर्व्हा नाही. ज्या रस्त्यावर मुंबईतला तो भव्य पडदा होता, तिथे आम्ही ५० इंची पडदा शोधत उभे होतो.

दुकान पहिल्या मजल्यावर. आत गारवा, काळोख आणि भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर एकच फिल्म: संथपणे ओघळणारा मध, उडणारा गुलाल, कापलेलं किवी, डोळे मिटणारा सरडा. त्या जगात कुणी बोलत नाही, कुणी कुणाच्या खिरीत विष कालवत नाही, खाली शेअर बाजाराची पट्टी पळत नाही. टीव्हीवर आपण जे जे पाहतो, त्यातलं काहीही टीव्हीच्या दुकानात दाखवत नाहीत.

"हा बघा, सर. सव्वा लाखाचा. आणि हा तीसचा. फरक दिसतोय ना?" विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. फरक दिसत होता. महागड्यावरचा सरडा जास्त श्रीमंत वाटत होता.

तोवर गप्प असलेल्या अपक्षाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. निघण्यापूर्वी तिने घराच्या गॅलरीत, दिवसाच्या उजेडात, त्याच साडीत फोटो काढून घेतला होता. "हा लावा." फोटो दोन्ही टीव्हींवर लागला. दोन्हीकडे बायको निळ्या साडीत! महागड्यावर मोरपंखीकडे झुकलेली, स्वस्तावर पोलिसांच्या जुन्या व्हॅनसारखी. तिने पदर पडद्याला लावला. "ही राखाडी आहे. तुमचा टीव्ही निळी म्हणतो. उद्या टोमॅटोला काय म्हणेल?"

मुलगा हसला, पण डगमगला नाही. दुकानातले टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर ठेवलेले असतात, त्याने सांगितलं. उजेड चढवलेला, रंग भडक, पांढरं निळसर. शेजारच्या दहा टीव्हींत उठून दिसावा म्हणून. लाल-हिरव्यात ही लबाडी खपून जाते, राखाडीत लगेच पकडली जाते, कारण राखाडीला स्वतःचा रंगच नसतो. त्याने सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीकडे 'सिनेमा' मोड लावला. साडी राखाडी झाली. महागड्यावर हुबेहूब, स्वस्तावर किंचित पिवळसर. नव्वद-पंच्याण्णव हजारांच्या फरकातला बराचसा भाग रिमोटच्या तीन बटणांत विरघळला. अण्णांनी सुनेकडे अशा कौतुकाने पाहिलं, की लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता विनूची पाळी. "दिवे घालवा आणि रात्रीचा सीन लावा." इथे मात्र बजेट पक्षाचं पितळ उघडं पडलं. साध्या एलईडी टीव्हीत पडद्याच्या मागे दिवे असतात आणि चित्रात अंधार असला तरी ते जळतच राहतात. त्यामुळे काळं आकाश धुरकट दिसतं. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. काळं म्हणजे काळंच. चंद्र, दरी, घोडेस्वाराची कडा, सगळं वेगळं दिसत होतं. स्वस्ताच्या खोक्यावर एचडीआर ठळक छापलेलं होतं, पण ते दाखवायला लागणारा उजेड त्याच्या अंगात नव्हता.

"बघा भाऊजी, याला म्हणतात अंधार!"

"अंधाराचे नव्वद हजार?" अण्णा म्हणाले. "डोंबिवलीत लोडशेडिंग होतं तेव्हा फुकट मिळत होता."

मग अण्णांनी रिमोट मागितला. उलटसुलट करून पाहिला. आकडे नाहीत, ओटीटीची चार रंगीत बटणं. "यात सह्याद्रीचं बटण कुठंय?" मुलाने सेट टॉप बॉक्स जोडून साधी एसडी वाहिनी लावली आणि हिशेब सांगितला. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके, म्हणजे सुमारे ८३ लाख. एसडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार. उरलेले ७९ लाखांच्या आसपास ठिपके टीव्ही मनाने भरतो. "म्हणजे थापा मारतो," अण्णा म्हणाले. महागड्या टीव्हीचा प्रोसेसर या थापा सफाईने मारतो, स्वस्ताचा अडखळत. निवेदिकेच्या हनुवटीवरून ते स्पष्ट दिसलं: एकीकडे हनुवटी, दुसरीकडे सांडगा. आवाजात मात्र दोघंही सारखेच पुटपुटत होते. एवढ्या सडपातळ खोक्यात स्पीकर मावणार कुठे? ते तळाशी बसवतात आणि बातम्या टेबलाला ऐकू येतात.

"दिवसाला किती तास बातम्या बघता, काका?"

"सकाळी सहा ते रात्री दहा. जेवताना आवाज बंद करतो."

मुलाने रिमोट खाली ठेवला. "मग ओलेड घेऊ नका."

ठाण्याला उतरलेलं वाक्य ग्रँट रोडला पूर्ण झालं. ओलेडवर एकच स्थिर चित्र महिनोन् महिने राहिलं, तर त्या जागचे ठिपके जास्त झिजतात आणि त्याची छाया उमटून राहू शकते. वाहिनीचा लोगो आणि ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी, हे या रोगाचे नेहमीचे संशयित. विनूने डोळ्यांसमोर चित्र आणलं असावं: मोठ्या हौसेने सिनेमा लावलाय, नायक-नायिका पावसात भिजताहेत आणि त्यांच्या गुडघ्यांवरून पुसट अक्षरांत 'सर्वात मोठी बातमी'. त्याने प्रीमियम पक्षाचा जाहीरनामा तिथेच मागे घेतला.

आता मुलगा खुलला. पॅनल बनवणारे कारखाने जगात मोजकेच, त्याने सांगितलं. सोनीसारखी कंपनीही ओलेडचं पॅनल दुसऱ्याकडून घेते. तेव्हा नावापेक्षा तीन गोष्टी विचारा: मागचे दिवे भागाभागाने मंद होतात का, आतलं सॉफ्टवेअर किती वर्षं सुधारून देणार आणि सर्व्हिसवाला तुमच्या गावात येतो का. या तीन प्रश्नांपैकी पहिल्यातच तीस हजारांचा टीव्ही गारद झाला. शेवटी मधल्या किमतीचा, दिवे भागाभागाने मंद करणारा ५० इंची एलईडी ठरला आणि वाचलेल्या पैशांतला थोडा भाग साउंडबारवर गेला. टीव्ही लोकलच्या मालडब्यातून उभा नेण्याचा अण्णांचा प्रस्ताव, घरपोच मोफत आहे हे कळल्यावर, त्यांनी स्वतःच रद्द केला.

वाचकहो, तुम्ही निघालात तर सरडा पाहून भुलू नका. घरचा फोटो घेऊन जा, व्हिव्हिड मोड बंद करायला लावा, दिवे एकदा लावून आणि एकदा मालवून पाहा आणि तुमच्या घरात जे रोज चालतं तेच लावायला सांगा. ट्यूबलाइटखाली मालिका आणि बातम्या पाहणाऱ्याने ओलेडला पैसे मोजू नयेत. दिवे मालवून, मुकाट बसून सिनेमा पाहणाऱ्याने स्वस्तावर समाधान मानू नये. आणि घरात हे दोघंही असतील, तर मधला घ्यावा आणि रिमोट अपक्षाच्या हाती द्यावा.