हार्डडिस्क न दिसल्यास करावयाची कार्यवाही

वनखात्याच्या दप्तरात ३२ वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्याने, आयुष्याच्या उत्तरार्धात, स्वतःच्या घरी फाइल-सर्व्हर नामक संस्थेची स्थापना करावी की करू नये, हा प्रश्न वादग्रस्त आहे. आमच्या घरात तर तो अद्यापि निकालात निघालेला नाही. परंतु ज्यांनी तो निर्णय घेऊन टाकला आहे, ज्यांच्या बैठकीतल्या कोनाड्यात रास्पबेरी पाय नावाचे पत्त्यांच्या जोडाएवढे यंत्र राउटरशेजारी मिणमिणत बसले आहे, आणि ज्यांची हार्डडिस्क सदर यंत्राला काही केल्या दिसत नाही, अशा गृहस्थांच्या सोयीसाठी पुढील कार्यवाही, स्वानुभवाच्या आधारे व कोणताही मोबदला न घेता, लिहून ठेवीत आहे.

प्रयोजन प्रथम सांगावे, असा जुन्या ग्रंथकारांचा शिरस्ता. भाऊबीज झाली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. जेवणे आटोपून उघडलेला पडदा पहाटेच्या कोंबड्याशिवाय पडत नाही. माझी धाकटी बहीण वडशाला, म्हणजे या नाटकमंडळ्यांच्या राजधानीतच दिलेली असल्यामुळे, गेली कित्येक वर्षे मी हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने ही नाटके, आणि दंडार व खडी गंमत हे इथले लोकनाट्यप्रकार, टिपत आलो. एकेक नाटक पाच-पाच तासांचे. ते दोन हार्डडिस्कांत, चार पेनड्राइव्हांत आणि एका बंद पडलेल्या लॅपटॉपात विखुरलेले. कोणाला एखादा प्रवेश पाहावयाचा झाला, तर मला अर्धा दिवस बारनिशी चाळावी लागे. हे पाहून पुण्यास संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याने फर्मान काढले, "मामाजी, एक सर्व्हर करून टाका. काही नाही त्यात. डिस्क लावली की चालते." या वाक्यातील 'काही नाही' या दोन शब्दांचे विवरण हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नियम पहिला. हार्डडिस्क दिसत नाही म्हणून भाच्यास तत्काळ फोन करू नये. तो "रीस्टार्ट केलं का?" असे विचारील. आपण "केले" म्हणावे. तो "पुन्हा करा" म्हणेल. या संभाषणातून ज्ञान वाढत नाही, केवळ फोनचे बिल वाढते, आणि हल्ली तर तेही वाढत नाही, त्यामुळे संभाषण थांबवण्यास काही कारणच उरत नाही.

नियम दुसरा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा: न दिसणे आणि नसणे यांत भेद करावा. ज्याने मोहुर्लीच्या फाटकातून ताडोब्यात पर्यटकांच्या जिप्सी आत सोडल्या आहेत, त्याला हा भेद शिकवावा लागत नाही. पर्यटक चार तास फिरून बाहेर येतो आणि "वाघ नाहीच" असा निकाल देतो. गाइड मात्र जाणतो, की वानराने झाडाच्या शेंड्यावरून खाकरून इशारा दिला, चितळाने कान टवकारून 'कॉल' दिला, रस्त्याच्या फुफाट्यात पहाटेचा ठसा उमटलेला आहे, अर्थात वाघ इथेच बांबूत बसून आपल्याकडे पाहतो आहे. हार्डडिस्कचेही असेच तीन पुरावे असतात, आणि ते क्रमानेच तपासावेत. 'डीमेसेज' ही आज्ञा यंत्राच्या अंतरंगातील रोजनामा उघडून दाखवते. तो रोजनामा उघडा ठेवून मग डिस्कची पिन खोचावी. त्या क्षणी एखादी जरी नवी ओळ उमटली, तरी कॉल आला असे समजावे. 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा म्हणजे पाऊलठसा: कोणी तरी दारात आले आहे, एवढेच ती सांगते. डिस्कच्या डबीतली, यूएसबीचे भाषांतर करणारी चिप तेवढी जिवंत असून आतली तबकडी मेलेली असली, तरीही हा ठसा उमटतो, म्हणून ठशावर भाळू नये. आमच्या खात्यानेही वर्षानुवर्षे काचेवर ठसे गिरवून आणि प्लास्टरचे साचे काढून वाघ मोजले. पुढे २००६ च्या देशव्यापी गणनेपासून ती पद्धत बाजूला पडली आणि झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांवर भिस्त आली. हार्डडिस्कच्या बाबतीत कॅमेऱ्याचे काम 'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा करते. तिच्या यादीत डिस्कचे नाव व पुढे तिचे आकारमान दिसले, तरच दर्शन घडले. आकारमान शून्य असेल, तर पुढचा मजकूर वाचण्याऐवजी नवी डिस्क विकत आणावी.

माझ्या प्रकरणी पहिल्या दिवशी कॉल नाही, ठसा नाही, काहीच नाही. डिस्कवरचा निळा दिवा मात्र लुकलुकत होता आणि कान लावला असता आत तबकडी फिरल्याची गुणगुणही ऐकू येत होती. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून मी प्राणिगणना केलेली आहे. तिथेही रात्रभर पाचोळा वाजतो आणि नोंदवहीत पहाटे फक्त रानडुकरे निघतात. तरी त्या रात्री इतका संताप झाला नव्हता.

नियम तिसरा विजेचा. आमच्या गच्चीवरून ऊर्जानगरची धुराडी दिसतात. तेथील औष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे, त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या धोतरांवर नेमाने पडते, आणि तरीदेखील त्याच चंद्रपुरात, त्या धुराड्यांच्या दृष्टिपथात, एक वीतभर डिस्क पाच व्होल्टांच्या विजेवाचून उपाशी मरू शकते, हे सत्य पचविण्यास मला एक पूर्ण दिवस लागला. त्याचा हिशेब असा. यूएसबीच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या छिद्रातून ५०० मिलिअँपिअर मिळावेत असा करार आहे. ज्याची जीभ बहुधा निळी असते, त्या तिसऱ्या पिढीच्या छिद्रातून ९००. खिशात मावणारी डिस्क तबकडी गरगरवायला सुरुवात करते त्या क्षणी एक अँपिअरच्या आसपास मागते. आता 'पाय'च्या चौथ्या आवृत्तीला चार छिद्रे असली, तरी चौघांत मिळून १२०० मिलिअँपिअरचाच शिधा मंजूर आहे. म्हणजे एक डिस्क जेवते, आणि दुसरी जोडली की दोघीही अर्धपोटी उठतात. अशा वेळी डिस्कमधून 'टक्… टक्… टक्' असा, पाल चुकचुकल्यासारखा आवाज येतो. तो आल्यास डिस्क बिघडली असे समजून दुकानदाराशी भांडू नये. आधी तिला स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर बसवून पाहावे.

शिवाय स्वतः 'पाय'लाही पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मी जुन्या मोबाइलचा लावला होता. चांगला होता, वाया का घालवायचा? रोजनाम्यात 'व्होल्टेज कमी आहे' अशी तक्रार दर मिनिटाला उमटत होती. ती मी वाचली होती, 'पाहिले' असा शेरा मनातल्या मनात मारला होता, आणि सवयीप्रमाणे पुढच्या पानाकडे वळलो होतो.

योग्य अडॅप्टर आणला. तक्रार थांबली. डिस्क तरीही दिसेना.

नियम चौथा: मे महिन्यात हा उद्योग आरंभू नये. अनेक बाह्य डिस्कांच्या कागदावर त्या चालवण्याचे तापमान पाच ते पस्तीस अंश असे छापलेले असते. आमच्याकडे दुपारी पारा सत्तेचाळीसला टेकतो. ज्याने हे आकडे छापले, त्याची बदली चंद्रपुरास कधी झाली नसावी.

नियम पाचवा केबलसंबंधी असून तो लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होत आहे. यूएसबीचे पहिले मानक १९९६ सालचे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट यांचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा होता, आणि हेतू असा उदात्त, की संगणकाच्या पाठीमागची नाना आकारांची छिद्रे जाऊन सर्वांसाठी एकच छिद्र व्हावे. त्या उदात्त हेतूचे फलित आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. तिच्यात गेल्या वीस वर्षांतील प्रत्येक मोबाइल, कॅमेरा, दाढीचे यंत्र आणि टॉर्च यांची केबल, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून, सालवार रचलेली आहे. या ट्रंकेविषयी घरात उपहासाने बोलले जाते. डिस्कला केबल हवी झाली, तेव्हा मी ट्रंक उघडून एक केबल काढली. डिस्कचे तोंड रुंद व दुभंगलेले होते आणि केबलची पिन लहान. परंतु त्या दुभंगलेल्या तोंडाच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची पिन चपखल बसते, हे मी स्वतः शोधून काढले, आणि त्या शोधाचा मला, खोटे कशाला बोलू, अभिमानही वाटला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा मुलगा सहज आला. रोजनामा, ठसे, कॅमेरा, मिलिअँपिअर हे सारे मी त्याला सविस्तर समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, केबल दोन बोटांत धरून चिमटली आणि म्हणाला, "काकाजी, हे चार्जिंगची वायर होय जी. याच्यात डेटा नाई."

ज्ञान ते एवढेच. पूर्ण केबलमध्ये किमान चार तारा असतात, दोन विजेच्या व दोन निरोपाच्या; काही स्वस्त चार्जिंगच्या केबलीत निरोपाच्या तारा घातलेल्याच नसतात. वीज जाते म्हणून दिवा लागतो, तबकडी फिरते, आणि निरोप जात नाही म्हणून यंत्राला कशाचाही पत्ता नसतो. ओळखण्याची खूण सोपी: त्या केबलने मोबाइल संगणकाला जोडावा, फाइली दाखवण्याची परवानगी मोबाइलवर देऊनही तो नुसता चार्ज झाला आणि आतले फोटो दिसले नाहीत, की केबल बाद. मग डिस्कची मूळ केबल कुठे होती, असा रास्त प्रश्न त्या मुलाने विचारला. ती डिस्कच्या खोक्यात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडता, कपाटाच्या वरच्या खणात कुलपात होती. नवी वस्तू होती. मी ती जपून ठेवली होती.

या खुलाशानंतर आतल्या खोलीतून जो हास्यध्वनी आला, त्याची नोंद रोजनाम्यात नाही.

उरलेले नियम आता भराभर सांगतो, कारण डिस्क दिसली म्हणजे ती कामाला लागली असे होत नाही. यंत्र डिस्कांना आगमनाच्या क्रमाने 'एस-डी-ए', 'एस-डी-बी' अशी नावे देते. ही पदनामे आहेत, व्यक्ती नव्हेत, आणि वीज जाऊन आली की पदावर दुसराच इसम बसलेला आढळतो. म्हणून सागाच्या ओंडक्यावर जसा हातोड्याचा शिक्का पाहून माल ओळखतात, तसे प्रत्येक विभागाच्या अंगावर असलेल्या 'यूयूआयडी' या लांबलचक क्रमांकानेच 'एफ-एस-टॅब' या नोंदवहीत नाव घालावे, आणि त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द विसरू नये. तो नसेल, तर एखाद्या दिवशी डिस्क गैरहजर राहिली की संपूर्ण यंत्र तिची वाट पाहत दारातच अडून बसते.

डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, अशी कैफियत असल्यास ती पूर्वी विंडोजच्या संगणकावर होती काय, याची चौकशी करावी. तो संगणक 'बंद झालो' असे सांगून पुष्कळदा अर्धवट निजलेला असतो. ज्या बाबूने कार्यभाराच्या यादीवर सही न करताच बदलीचे गाव गाठले, त्याच्या दप्तरात नवा बाबू एक अक्षर लिहायला धजत नाही, तसेच हे. डिस्क पुन्हा विंडोजला जोडून, त्यातील 'फास्ट स्टार्टअप' बंद करून, रीतसर निरोप घ्यावा. डिस्कवरच्या फाइली घरातल्या इतर यंत्रांना वाटून देणाऱ्या 'सांबा' या कारभाऱ्याचा पासवर्ड 'पाय'च्या पासवर्डाहून वेगळा असतो. तो वेगळा का असतो, हे मला भाच्याने तीनदा सांगितले आहे.

चैत्रात महाकालीच्या यात्रेला बहीण आली, तेव्हा टीव्हीवर मी तिला फाइलींची यादी उघडून दाखवली. तिने बाकीची नाटके विचारलीसुद्धा नाहीत. एक जुनी दंडार तेवढी लावायला सांगितली. तीत आमचे भाऊजी स्त्रीपार्टात आहेत, मिशी काढायला वेळ मिळाला नव्हता म्हणून ओठांवर सारखा पदर धरून. आवाज वाईट आहे, जनरेटरची घरघर मध्ये मध्ये संवाद खाते. भाऊजींना जाऊन सहा वर्षे झाली. तिने ती दंडार दोनदा पाहिली, आणि दुसऱ्या वेळी पदर घसरतो त्या ठिकाणी आधीच हसली. त्या रात्री मी भाच्याला फोन करून 'चालते' एवढेच सांगितले. तो म्हणाला, "बोललो होतो ना मामाजी, काही नाही त्यात."

डिस्कला आता मूळ केबल लावलेली आहे. चार्जिंगची ती वायर फेकलेली नाही. 'निरोप जात नाही' अशी चिठ्ठी बांधून ती ट्रंकेत जागच्या जागी ठेवली आहे.