आज दीड बंब

नानांचा 'आज दीड बंब' असा मेसेज पहिल्यांदा आला, तेव्हा बायकोला वाटलं त्यांचा गिझर बिघडलाय आणि ते आमच्याकडे अंघोळीला येतायत. तिने टॉवेलसुद्धा काढून ठेवला.

हा बंब आगीचा. 1883 च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख अन् गंधकाचा वायू आभाळात इतके वर चढले की नोव्हेंबरात तिकडे अमेरिकेत मावळतीची लाली बघून लोकांना आग लागलीसं वाटलं. बंब धावले. हे नानांच्या वाचनात आलं आणि आमचं वाटोळं झालं. तेव्हापासून सूर्यास्त बंबांत मोजला जातो.

तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. दुपारी तीनला उपग्रहाचं चित्र उघडून बसतो, चारला भाकीत धाडतो. "वर पिंजलेल्या कापसासारखे ढग हवेत, सहा किलोमीटरच्या वर. आणि पश्चिमेला क्षितिजापाशी फट हवी. फट बंद, बंब बंद!" निरभ्र आभाळ म्हणजे कोरा पेपर. खाली गोधडी पसरली असेल तर पाव बंब. पुण्याच्या धुळीने रंग खुलत असतील, असं मी एकदा भाबडेपणाने म्हणालो. "धुरळ्याने रंग मळतात हो! पावसाने हवा धुऊन निघावी लागते!" जणू धूळ मीच उडवली होती. (त्यांचं बरोबर आहे, पण कबूल कोण करणार?)

पुढे पुढे बंब आभाळातून खाली उतरले. भाचीचा शालू दोन बंब. मिसळीची तर्री अडीच. व्याह्यांचा राग मोजताना तर आकडा पुरेना.

एका सप्टेंबरात तीन बंबांची हमी देऊन त्यांनी आम्हा अकरा जणांना महाबळेश्वरला नेलं. बॉम्बे पॉइंटवर इतकं धुकं, की हातातलं कणीस दिसेना. नाना शांत. "भाकीत चुकलेलं नाही. आपण ढगाच्या आत उभे आहोत, एवढंच."

आणि मग तो ऑक्टोबर. टेकडीवर सूर्य नुसताच विझल्यासारखा बुडाला. माणसं पँटी झटकून उतरू लागली. "वीस मिनिटं थांबा," नाना म्हणाले. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून थांबलो. क्षितिजाखालून उजेड वर आला आणि ढगांची पोटं आधी शेंदरी, मग गुलबक्षी, मग पिकल्या जांभळासारखी झाली. अख्ख्या टेकडीवर आम्ही दोघंच.

"किती बंब?" मी विचारलं.

नाना चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

गेल्या वर्षी त्यांच्या गॅलरीसमोर बावीस मजली टॉवर उभा राहिला. जाहिरातीत 'सनसेट व्ह्यू' होता. तो खराच आहे. फक्त नानांकडचा काढून तिकडे दिलाय. नानांकडे आता सूर्य सव्वाचारला मावळतो. गुडघ्यांमुळे टेकडीही सुटली.

आमची गॅलरी पूर्वेला आहे. त्यामुळे हल्ली सूर्य उगवायच्या वीस मिनिटं आधी आमची बेल वाजते. बायको आता टॉवेल काढत नाही, चहाचं आधण ठेवते.